पडद्यावरची सुशीला आणि दारातल्या शकुंतलाबाई

आपल्या समाजाला बंडखोर बाई फार आवडते. अट एवढीच, की ती पडद्यावर असावी. तिने पडद्यावरच्या सासऱ्याला खडे बोल सुनवावेत, पडद्यावरच्या नवऱ्याचे घर सोडावे, पडद्यावरच्या समाजाच्या थोबाडीत मारावी. आपण तिकीट काढून टाळ्या वाजवू, बायकामंडळी पदराने डोळे पुसतील, आणि दिवे लागले की ती तिच्या मार्गाने जाईल व आपण आपल्या. पण हीच बाई जर पडद्यावरून उतरली, चपला घालून आपल्या आळीत आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, 'अण्णा, तुमच्या धाकटीचे वय काय हो?' तर? तर मात्र आपल्याला एकाएकी संस्कृतीची आठवण होते. मग ती बाई 'नटी' ठरते. हा शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो, ते वाचकांना सांगायला नको.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे, की हा आपला दुटप्पीपणा हौसेचा किंवा गमतीचा विषय नाही. त्याची किंमत कोणीतरी मोजते आहे. आणि ती मोजणारी मुलगी बहुधा दिवाळी अंक वाचत नाही; ती दहावीचे पुस्तक दप्तरात तसेच ठेवून दुसऱ्याच्या घरी गेलेली असते.

नाटक-चित्रपटापुरते पाहिले तर आपल्यासारखे पुरोगामी आपणच. गोविंद बल्लाळ देवलांची 'संगीत शारदा' १८९९ सालची. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्याच्या रूढीवर त्या नाटकाने असा आसूड ओढला, की महाराष्ट्र पिढ्यान्‌पिढ्या त्या शारदेसाठी रडत आला. त्यानंतर ३८ वर्षांनी, १९३७ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीने व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली 'कुंकू' काढला. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली कथा. विषय पुन्हा तोच! अडतीस वर्षे रडूनही विषय शिळा झाला नव्हता, यावरून आपल्या अश्रूंची ताकद किती ते ध्यानात यावे.

'कुंकू'त केशवराव दाते यांनी रंगवलेले वृद्ध काकासाहेब आहेत, आणि फसवून त्यांच्याशी लग्न लावून दिलेली नीरा आहे. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असे ती तोंडावर सांगते आणि तशीच वागते. ती भूमिका शांता आपटे यांची, आणि ती पाहणाऱ्याच्या स्मरणातून जाणे अवघड. पण त्याच चित्रपटात आणखी एक बाई आहे, जिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. काकासाहेबांची शिकलेली, समाजकार्यात पडलेली मुलगी सुशीला. सावत्र आई आपल्याहून लहान, आणि अन्याय करणारा आपला जन्मदाता. अशा पेचातही ती नीरेची बाजू घेते. ही सुशीला साकारली होती शकुंतला परांजपे यांनी.

एकाच चित्रपटातल्या या दोघी. पुढे दोघींनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

शांताबाईंनी दोनच वर्षांनी, १९३९ साली, ज्या प्रभात कंपनीने त्यांना नाव दिले तिच्याच फाटकाशी बसून उपोषण केले. कारण काय, तर करारातल्या अटी आणि पैशाचा वाद. पडद्यावर घरच्या धन्याला जाब विचारणारी नीरा खऱ्या आयुष्यात कंपनीच्या धन्यांना जाब विचारू लागली, तेव्हा लोकांनी काय करावे? टाळ्या वाजवाव्यात की नाही? छे! लोकांना गंमत वाटली, वर्तमानपत्रांना बातमी मिळाली, आणि पुष्कळांना नटीचा हा आगाऊपणा वाटला. पुढच्याच वर्षी शांताबाईंनी 'जाऊ मी सिनेमात?' असे रोखठोक नावाचे पुस्तक लिहिले. सिनेमाच्या झगमगाटामागे कामगाराची पिळवणूक असते आणि नटी ही त्या कारखान्यातली एक कामगारच असते, ही गोष्ट १९४० साली एका मराठी नटीने सांगून टाकली होती. ते पुस्तक आज किती घरांत आहे? शांताबाईंची गाणी मात्र अजून ऐकली जातात. गाणे गोड, पुस्तक कडू; आपण गोड तेवढे ठेवून घेतले.

आता शकुंतलाबाई. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०६ चा. रँग्लर र. पु. परांजपे यांची ही कन्या. मुलीने केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात जाऊन गणिताची ट्रायपॉस परीक्षा दिली, १९२९ साली. पुढे काही काळ जिनीव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत काम केले. एका रशियन चित्रकाराशी लग्न केले. ते टिकले नाही. मुलीला एकटीने वाढवले. ती मुलगी म्हणजे 'स्पर्श', 'चश्मेबद्दूर', 'कथा' या चित्रपटांच्या दिग्दर्शिका सई परांजपे. एवढ्यावरूनच आमच्या काही सोवळ्या वाचकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. खरी आठी पुढेच आहे.

'कुंकू' गाजल्यावर शकुंतलाबाईंना पडद्यावर पाय रोवता आले नसते असे नाही. नाव होते, शिक्षण होते, ओळखी होत्या. पण त्यांनी १९३८ च्या सुमारास जे काम उचलले ते असे, की ज्याचे नाव चारचौघांत घेतले तर लोक उठून जात. ते म्हणजे संततिनियमन. दर दीड वर्षाने पाळणा हलतो आहे, आईच्या अंगावर मांस उरलेले नाही, दोन पोरे दगावली आहेत आणि तरी पुन्हा दिवस गेले आहेत, अशा बाईला 'हे थांबवता येते, आणि ते थांबवणे तुझ्या हातात आहे' एवढे सांगणे, म्हणजे संततिनियमन. हे सांगायला भाषणाचे व्यासपीठ उपयोगी नाही. त्यासाठी बाईशी बाईने बसून बोलावे लागते, साधने दाखवावी लागतात, ती कशी वापरायची ते समजावून द्यावे लागते, आणि पुन्हा पुन्हा जावे लागते. रँग्लरची मुलगी, चित्रपटातली नटी, ट्रायपॉस झालेली बाई हे काम करू लागली, आणि थोडेथोडके दिवस नव्हे, वर्षानुवर्षे करीत राहिली.

त्या काळी या कामाला लोक काय म्हणत, ते कळण्यासाठी त्यांच्याच नात्यातल्या रघुनाथ धोंडो कर्व्यांकडे पाहावे. महर्षी कर्व्यांचे हे पुत्र. महर्षी हे रँग्लरांचे आतेभाऊ. रघुनाथरावांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले, त्यापायी प्राध्यापकी गमावली, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मरण येईपर्यंत चालवले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो सभागृहाने फेटाळला. म्हणजे ज्या सुमारास शकुंतलाबाई या कामात उतरल्या त्याच सुमारास या प्रांताचे शहाणेसुरते प्रतिनिधी 'हे आम्हाला नको' असे म्हणत होते. सरकारने हा कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ साली. तोवर ज्यांनी हे ओझे वाहिले ते मूठभर लोक, आणि त्यांतली ही एक बाई.

पुढे १९५८ ते १९६४ त्या विधान परिषदेत होत्या, १९६४ ते १९७० राज्यसभेच्या नियुक्त सदस्य होत्या, आणि १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३ मे २००० रोजी त्या गेल्या. पद्मभूषण १९९१ साली! वय वर्षे पंच्याऐंशी. काम करणाऱ्या बाईला आपण मान देतो, पण ती दार ठोठावण्याइतकी ताकदवान उरलेली नाही याची आधी खात्री करून घेतो.

इथे साता समुद्रापलीकडची एक गोष्ट आठवते. ज्या १९३७ साली 'कुंकू' आला त्याच सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला जेन फोंडा जन्मली. तीही नामवंत बापाची मुलगी; हेन्री फोंडा हे अमेरिकन चित्रपटाचे मोठे नाव. तिने 'क्लूट' आणि 'कमिंग होम' या चित्रपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळवले. पण व्हिएतनामचे युद्ध चालू असताना १९७२ साली ती शत्रू मानलेल्या हनोईला गेली आणि विमानवेधी तोफेवर बसलेले तिचे छायाचित्र जगभर फिरले. त्या छायाचित्राबद्दल तिने पुढे माफी मागितली. युद्धाला केलेल्या विरोधाबद्दल मागितली नाही. तरी 'हनोई जेन' ही शिवी तिला जन्माची चिकटली. १९८२ साली तिने घरबसल्या व्यायामाची चित्रफीत काढली, घरोघरच्या बायकांनी ती विकत घेतली, आणि त्या कमाईतून तिने नवऱ्याच्या राजकीय चळवळीला पैसा पुरवला. २०१९ साली, ऐंशी उलटल्यावर, ती वॉशिंग्टनमध्ये हवामानबदलाच्या प्रश्नावर दर शुक्रवारी निदर्शने करीत होती आणि पोलीस तिला पकडून नेत होते.

तिच्या मतांशी कोणी सहमत असो वा नसो. मुद्दा निराळा आहे. अमेरिकेने तिला शिव्या दिल्या, पण विसरली नाही. आपण शकुंतलाबाईंना शिव्या दिल्या, मग नमस्कार केला, आणि मग विसरलो. यांत अधिक क्रूर कोण, ते ज्याचे त्याने ठरवावे. आणि एक फरक आहे. जेन फोंडाचे समाजकार्य तिच्या प्रसिद्धीच्या पाठीवर बसून गेले. शकुंतलाबाईंनी प्रसिद्धी मागे टाकली आणि चालत गेल्या. कॅमेरा जिथे पोहोचत नाही तिथे त्यांचे काम होते. त्यामुळे त्यांच्या खऱ्या आयुष्याचे छायाचित्र आपल्या डोळ्यांपुढे येत नाही. येते ते चित्रपटातलेच.

आता आक्षेपक पुढे सरसावतील. त्यांचे ऐकून घेतले पाहिजे.

पहिला आक्षेप असा, की 'नटीला समाजाचे काय कळते? तिने आपले काम करावे.' ठीक. मग पुढाऱ्याने नाटकांची उद्‌घाटने करू नयेत, साखर कारखान्याच्या अध्यक्षाने साहित्यावर बोलू नये, आणि डॉक्टरने वधूवरांची कुंडली पाहू नये. हा नियम सर्वांना सारखा लावणार असाल तर बोला. तसा तो लावला जात नाही. बोलायचे नाही ते फक्त नटीने, आणि तेही बाईच्या शरीराविषयी, लग्नाविषयी, घराविषयी. पैठणीच्या दुकानाची फीत कापायला, नवरात्रात गरबा पाहायला, पुढाऱ्याच्या वाढदिवशी हात हलवायला तिला आपणच पैसे देऊन बोलावतो. तिची जीभ आपल्याला चालते, फक्त तीवर आपले वाक्य असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'शकुंतलाबाई रँग्लरांची मुलगी. विलायतेत शिकलेली. वाळीत टाकले तरी तिचे काय अडणार होते? खेड्यातल्या बाईने असे केले असते तर?' हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. घराण्याचे कवच त्यांना होते. परंतु असे कवच त्या काळी आणखी शेकडो घरांतल्या लेकींना होते. त्यांतल्या किती जणींनी ते घालून रणात पाय ठेवला? कवच असूनही जो घरात बसतो त्याला आपण 'सालस' म्हणतो, आणि कवच घालून जो बाहेर पडतो त्याला विचारतो, 'तुला काय, तुला कवच आहे!' हा कुठला न्याय? उलट ज्याला झळ कमी लागणार आहे त्यानेच आधी आगीजवळ जावे, हा साधा गृहस्थधर्म आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत सोयीचा: 'हे सारे जुने झाले. आता कायदे आहेत, दवाखाने आहेत. कशाला उकरून काढता?'

या आक्षेपाचे उत्तर द्यायला पुण्यास जायला नको. आमचे उदगीर पुरे.

हरविलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा बालविवाहाचा कायदा १९२९ साली झाला, १९३० पासून अमलात आला. मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा! पण तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. उदगीर तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. पुण्यात 'कुंकू'वर वाद झडत होते तेव्हा आमच्या आज्यापणज्यांना त्या कायद्याचाही आधार नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात आले, १९५६ साली उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात गेले, १९८२ साली लातूर जिल्हा झाला. जिल्हे बदलले, राज्ये बदलली. मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय १९७८ साली अठरा झाले आणि २००६ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा नवा कायदा आला. असे लग्न ठरवणाऱ्याला आणि लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

एवढे होऊनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९–२१ मध्ये काय पाहिले? महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्ने अठरा पुरी होण्याआधी झालेली होती. पाचांत एकीहून अधिक. आणि हे साऱ्या राज्याचे, मुंबई-पुण्यासकट सरासरीचे, प्रमाण. मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत ते यापेक्षा पुष्कळ चढे निघाले. तेव्हा 'जुने झाले' असे म्हणणाऱ्याने आपल्या वाड्यातल्या पाच पोरी मोजाव्यात आणि मग बोलावे.

का होते असे? आईबाप राक्षस असतात म्हणून नव्हे. कारणे पोटाची आहेत. दसरा-दिवाळी झाली, की गावोगावच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे जोडपे. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याला भाव नाही. म्हणून पोराचे लग्न उरकायचे. कोयता पुरा होतो. इकडे पोरीच्या आईबापांनाही सहा महिने फडावर जायचे असते. मागे म्हाताऱ्यांच्या ओटीत वयात आलेली पोर कुठे ठेवायची? सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी. एस.टी.चा पास मोफत आहे, पण एस.टी. वेळेवर आहे का? वाटेने कोण उभे असते? 'लेकरू जाईल-येईल कसं, जिवाला घोर नको,' असे म्हणत आई स्वतःच्या हाताने तिच्या अंगाला हळद लावते. ही आई दुष्ट नाही. ती भेदरलेली आहे. आणि तिचे भय कमी करण्यासाठी गावातल्या शहाण्यांनी काय केले, हा प्रश्न तिला विचारण्याआधी आपल्याला विचारायचा आहे.

पुढची साखळी सगळ्यांना ठाऊक आहे. सोळाव्या वर्षी लग्न, सतराव्या वर्षी बाळंतपण, विशीच्या आत दोन लेकरे, पंचविशीत शस्त्रक्रिया. आणि बीड जिल्ह्यात २०१९ साली जे उघडकीस आले ते तर माणुसकीला काळिमा फासणारे होते. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढून टाकलेली निघाली. पाळी आली की काम बुडते, काम बुडले की पैसे कापले जातात, दुखण्याला आराम नाही. मग पिशवीच काढा! शकुंतलाबाईंनी बाईला सांगितले होते, की तुझे शरीर तुझ्या ताब्यात असू शकते. आम्ही ते शरीर मुकादमाच्या हिशेबाच्या वहीत मांडले.

संततिनियमनाचेही तेच केले. ज्या गोष्टीत नवराबायको दोघांनी विचाराने पडायचे, तिचा सारा बोजा बाईच्या पोटावर टाकला. त्याच राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या विवाहित जोडप्यांत बायकोची शस्त्रक्रिया झालेली जोडपी शंभरात जवळजवळ ३८. नवऱ्याची शस्त्रक्रिया झालेली हजारात ३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाके नाममात्र, तरी हजारात तीन! कोणी म्हणेल, की आणीबाणीत १९७५ ते १९७७ मध्ये जी सक्ती झाली तिने पुरुष बिचकले. सक्ती झाली, ती निंद्यच होती, आणि तिने या कामाला बट्टा लावला, हे मान्यच. पण आणीबाणीला अर्धशतक होत आले. पन्नास वर्षे बिचकून राहायला पुरुषाला सवड मिळते, बाईला पन्नास दिवसही मिळत नाहीत.

आमच्या भागातला शेतकरी जनावरांचा पारखी. देवणी गोऱ्हा घ्यायचा तर बाजारात तासभर त्याच्याभोवती फिरेल, वशिंड पाहील, खूर पाहील, तोंड उघडून दात मोजील. आदत आहे की दुसा, याची खात्री झाल्याशिवाय सौदा नाही. कोवळ्या गोऱ्ह्याच्या मानेवर जू ठेवले तर खांदा जातो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच माणूस पोरीच्या लग्नात तिचा जन्मदाखला पाहत नाही. वशिंडाची काळजी आहे, पोरीच्या कंबरेची नाही. हे कठोर बोलणे आहे. पण पोरीच्या वाट्याला येते ते याहून कठोर आहे.

आणि आम्ही शिकलेले काय करतो? आम्ही साहित्य करतो. २०२२ च्या एप्रिलात आमच्या उदगिरात पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही झाले. एका गावात एकाच वेळी दोन दोन मांडव! सदाशिवरावभाऊंनी १७६० साली इथे निजामाला नमवले, त्यानंतर एवढी गर्दी उदगिराने क्वचितच पाहिली असेल. दोन्ही मांडवांत स्त्रीवर बोलणाऱ्यांची वाण नव्हती. असे बोलणे होऊच नये, असे कोण म्हणेल? पण एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. त्याच महिन्यात तालुक्यात दुसरेही मांडव पडलेले असतात. त्या मांडवांत बोलणारे कितीजण आपल्यात निघतात? व्यासपीठावर विद्रोही असणे आणि सोयरिकीत विद्रोही असणे यांत जे अंतर आहे, तेच 'कुंकू'तल्या सुशीलेत आणि दारातल्या शकुंतलाबाईंत आहे. ते अंतर त्या बाईने चालून ओलांडले. आपण ते पिढ्यान्‌पिढ्या टाळ्यांनी भरून काढीत आलो.

याच टाळ्यांचा आणखी एक दाखला हवा असेल तर १९८२ चा 'उंबरठा' आठवावा. स्मिता पाटील यांनी त्यात घर सोडून स्त्रियांच्या सुधारगृहाची चाकरी पत्करणारी सुलभा उभी केली. स्मिताबाई पडद्याबाहेरही मुंबईच्या स्त्रीकेंद्राशी, स्त्रियांच्या चळवळीशी बांधलेल्या होत्या. एकतिसाव्या वर्षी, १९८६ साली, बाळंतपणानंतर त्या गेल्या. आज त्यांची छायाचित्रे भिंतीवर लावणाऱ्यांना त्यांचे डोळे आठवतात. ते डोळे कशाकडे पाहत होते, ते कोणी विचारीत नाही.

तेव्हा नटीने समाजकार्य करावे की नाही, हा प्रश्नच खोटा आहे. तिने काय करावे ते शांताबाईंनी, शकुंतलाबाईंनी, स्मिताबाईंनी करून दाखवले आहे. खरा प्रश्न प्रेक्षकाचा आहे. प्रेक्षक केव्हा खुर्चीतून उठणार? आणि उठल्यावर घराकडे जाणार की शेजारच्या मांडवाकडे?

फार मोठे काही मागणे नाही. तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांच्या पत्रिका येऊ लागतील. पत्रिका हातात पडली की 'चि. सौ. कां.' या अक्षरांच्या मागे किती वर्षांची मुलगी उभी आहे, एवढे विचारावे. उत्तर अवघड वाटले तर जेवणाला जाऊ नये, अहेर पाठवू नये; आणि एक-शून्य-नऊ-आठ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक फिरवावा. भाऊबंदकीत वाईटपणा येईल. येऊ द्यावा. गावातल्या चार घरांनी मिळून वाड्यातल्या पोरीची सहा महिने शाळेपुरती सोय केली, वाटेने सोबत दिली, तर तिच्या आईचे भय निम्मे होईल. आणि भय निम्मे झाले की लग्नाची घाईही निम्मी होईल. यासाठी ट्रायपॉसची परीक्षा द्यावी लागत नाही. पडद्यावर चमकावेही लागत नाही.

परवा भाऊबीज. ताटात ओवाळणी टाकताना कुठल्याशा चौदा-पंधरा वर्षांच्या बहिणीला, भाचीला, शेजारच्या लेकीला विचारून पाहा, 'कितवीत आहेस ग?' ती जर इयत्ता सांगू लागली, तर तिची ओवाळणी अजून बाकी आहे असे समजा. ती पुढल्या वर्षीही, वरची इयत्ता सांगत, तुमच्याच दारात हक्काने मागायला आली पाहिजे.